मुलांना झेंडा कसा सांगायचा? (आपल्या सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा)

सचिव भाऊ: सर्वांना नमस्कार. १५ ऑगस्टला सकाळी ७.३० ला झेंडावंदन. नंतर बालवाडी ते चौथीच्या मुलांसाठी रंगभरण. तिरंग्याचे छापील कागद आजच जळगावातून घेऊन येतो.

बी-२ ताई: भाऊ, कागद आणायच्या आधी माझं थोडं ऐका. मागच्या वर्षी मी मुलांना विचारलं, केशरी म्हणजे काय? सगळे एका सुरात म्हणाले, त्याग. मग विचारलं, त्याग म्हणजे काय? सगळे चूप. तेवढ्यात एक पाच वर्षांचा पोरगा म्हणाला, "ताई, झेंडा कोणी काढला?" हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. झेंडा माणसांनी बनवलाय, विचार करून बदललाय, हे कळलं की मुलांना तो आपला वाटतो. तयार कागदात रंग भरून ते कळत नाही.

सचिव भाऊ: मग काय करायचं ताई? सांगा, तसं करू.

बी-२ ताई: सुरुवात कापसापासून करू. खान्देशातल्या पोरांना कापूस काय दाखवायचा, असं वाटेल, पण आपली पोरं फ्लॅटमध्ये वाढली. सरकी हातात घेतलेली त्यांच्यात किती असतील? वाती वळायला घरात ठेवलेला कापूस आणा, एखाद्या शेतकऱ्याकडून सरकीसकट थोडा मागू. पोरं सरकी म्हणजे बी काढतील, कापसाचे पेळू म्हणजे सैल वळ्या करतील, सूत ओढून बघतील. तुटेल, पुन्हा ओढतील. मग सांगायचं की गांधीजींना झेंड्यावर चरखा का हवा होता. १९२१ मध्ये बेजवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, पिंगली वेंकय्या यांनी गांधीजींना लाल आणि हिरव्या रंगाचा झेंडा दाखवला. गांधीजी म्हणाले, पांढरा रंग घ्या आणि चरखाही. म्हणजे पहिला कागद पक्का नव्हताच! मुलांना हे फार आवडतं, कारण त्यांचंही चित्र पहिल्यांदा पक्कं होत नाही.

ए-५ आप्पा: आणि चरख्याचं चक्र कसं झालं, तेही सांगा. ते मोठ्यांनाही ठाऊक नसतं.

बी-२ ताई: तेच सांगते आप्पा, माझा सगळ्यात आवडता भाग. पातळ कागदावर स्केचपेननं चरखा काढायचा. मोठं चाक एका बाजूला, चाती म्हणजे सूत गुंडाळायची सळई दुसऱ्या बाजूला. कागद खिडकीशी उजेडात धरायचा आणि मागून बघायचा. चरखा उलटा दिसतो! घटना समितीत नेहरूंनी २२ जुलै १९४७ ला हीच अडचण सांगितली होती. झेंडा दोन्ही बाजूंनी सारखा दिसायला हवा, म्हणून चरख्याचं नुसतं चाक ठेवलं, तेही सारनाथच्या अशोकस्तंभावरचं. मी पहिलीतल्या दोघींना हे करून दाखवलं. एक तर कागद उलटसुलट करत बसली, "आता बरोबर, आता चूक", असं किती वेळ चाललं. मग झेंड्यावरच्या चक्राचे २४ आरे मोजायला सांगितले, तर कोणाला २३ आले, कोणाला २५. पुन्हा मोजा!

डी-४ दादा: ताई, एक विचारतो, वाईट वाटून घेऊ नका. माझा पोरगा शाळेच्या व्हॅनमधून ऐकून आला, केशरी आपला आणि हिरवा त्यांचा. मी काय सांगू त्याला?

बी-२ ताई: वाईट कसलं दादा, बरं झालं विचारलंत. खरं तेच सांगा. १९२१ च्या झेंड्यात रंगांचा असा अर्थ लावला होता, लाल हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा बाकीच्या सगळ्यांचा. पण १९३१ मध्ये काँग्रेसनं रंग बदलून केशरी, पांढरा, हिरवा केला, तेव्हाच ठरवलं की रंग कोणत्याही धर्माचे नाहीत. १९४७ ला घटना समितीत राधाकृष्णन यांनी हिरवा म्हणजे माती आणि झाडंझुडपं, असं सांगितलं. त्याला शिवारात नेऊन उभी कपाशी दाखवा आणि विचारा, हा हिरवा कोणाचा?

डी-४ दादा: रविवारीच नेतो. सासऱ्यांचं शेत आहे.

ए-५ आप्पा: मी नंदुरबारना शे, म्हणून राहवत नाही. आपल्या खान्देशातला झेंडा सांगितल्याशिवाय हे पुरं व्हायचं नाही. ९ सप्टेंबर १९४२. शिरीषकुमार मेहता, अवघा १५ वर्षांचा, हातात तिरंगा. घरात गुजराती बोलणारा पोर. पोलिसांनी गोळीबार केला, त्याच्यासोबत आणखी चार पोरं गेली. लहानपणी आजोबा मला स्मारकापाशी न्यायचे आणि चप्पल काढायला लावायचे. पोरेसले सांगा.

सी-१ काकू: आप्पा, तुमच्याबद्दल आदर आहे. पण माझी मुलगी चार वर्षांची आहे. गोळीचं ऐकलं तर रात्रभर झोपायची नाही. मला हे पटत नाही.

ए-५ आप्पा: काकू, तुमचंही बरोबर आहे. पण नाव तरी कानावर पडू द्या.

बी-२ ताई: दोन गट करू. बालवाडी ते दुसरी, त्यांना एवढंच की नंदुरबारच्या एका दादानं झेंडा हातातून सोडला नाही. तिसरी-चौथीच्या मुलांना आप्पा सगळं सांगतील. बाकी घरी काय सांगायचं ते आईवडील ठरवतील. आणि घटना समितीच्या सदस्य हंसा मेहता यांची गोष्टही यायला हवी. १४ ऑगस्टच्या रात्री घटना समितीत देशातल्या स्त्रियांच्या वतीनं त्यांनी झेंडा दिला. आपल्या मुलींना हे माहीत नसतं.

सी-१ काकू: हे चालेल. लहान गटाला मी मदतीला येते.

ए-३ आजी (नातवाकडून टाईप): टकळी शे मनाजोडे. सासूबाईंची. माळ्यावरच्या पेटीत बघायला लावते.

बी-२ ताई: आजी!! तुम्हीच सूत कातून दाखवा ना.

सचिव भाऊ: छापील कागद रद्द. कोरे कागद आणतो, ३ ला २ मापाचे, ३० सेंमी बाय २० सेंमी, म्हणजे माप बरोबर राहील. एक विनंती. मागच्या वर्षी संध्याकाळी पार्किंगमधून आणि गटाराजवळून मी एकट्यानं ४१ प्लास्टिकचे झेंडे गोळा केले. फार वाईट वाटलं. यंदा ते कोणी आणू नका, नियमातही बसत नाहीत. मुलांनी काढलेले कागद ताई गोळा करून जपून ठेवतील.

डी-४ दादा: सरकीसकट कापूस मी आणतो. किती लागेल?

बी-२ ताई: दोन किलो आणा दादा. २३ पोरं आहेत, निम्मा जमिनीवर सांडेलच.

ए-३ आजी: टकळी सापडली. चातीला गंज शे. खोबरेल लावते.