विषय: ४ महिन्यांची लेक, एप्रिलचं बेळगाव

नमस्कार मंडळी,
एप्रिलमध्ये गोव्याला उतरून चोर्ला घाटातून टॅक्सीनं बेळगाव, पुढे नंदगडला आजोळी. लेक ४ महिन्यांची, अंगावरच पिते. कुंची, बाबागाडी, कारसीट, सनस्क्रीन यातलं काय घेऊ?

---

ताई, आधी कुंची. आजीनं शिवून ठेवलेली असणारच. थंडीत तिच्यासारखं दुसरं नाही, पण तान्ह्या बाळाची बरीचशी उष्णता डोक्यावाटे बाहेर पडते, आणि कुंचीत डोकं, कान, मान सगळंच झाकतं. फोटोपुरती घाला. गळ्याशी बांधायच्या नाड्या असतात, म्हणून झोपवण्याआधी आठवणीनं काढा. बाहेर सुती झबलं आणि रुंद काठाची टोपी पुरे. हातपाय गार लागले की घरातलं कुणीतरी दुपटं चढवतंच. या वयात ते गारच असतात. मानेमागे बोटं घालून बघा. तिथं घाम असेल तर एक कपडा उतरवा.

बाबागाडीवर दुपटं टाकून सावली करू नका. मलमलीनंही हवा कोंडते, आत भट्टी होते आणि बाळ दिसत नाही. तशीही बेळगावच्या गणपत गल्लीच्या गर्दीत गाडी कुठं चालणार? बाळाला छातीशी बांधायचं कॅरियर घ्या. चेहरा उघडा, हनुवटी आणि छातीमध्ये दोन बोटं जागा, गुडघे ढुंगणापेक्षा वर. ११ ते ४ घरातच.

सनस्क्रीन ६ महिन्यांनंतर, तोवर सावली. पाणीसुद्धा ६ महिन्यांपर्यंत चमचाभरही नको. उकाड्यात जास्त वेळा पाजा. दिवसभरात ६ पेक्षा कमी लंगोट ओले झाले किंवा बाळ मलूल वाटलं, तर डॉक्टर गाठा.

---

कारसीट घरूनच न्या. बेस (सीटखाली गाडीत बसवून ठेवायचा भाग) नको, पण बेसशिवाय गाडीच्या पट्ट्यानं बसते का ते पुस्तिकेत बघा आणि घरी एकदा बसवून पाहा. टॅक्सी ठरवतानाच विचारा, मागे खांद्यावरून येणारा पट्टा आहे ना? बऱ्याच गाड्यांत पट्टा असतो, पण बक्कल सीटकव्हरखाली गाडलेलं असतं. निघायच्या आधी ते उपसून घ्या, घाटात नव्हे. बाळाचं तोंड मागे. एअरबॅगसमोर कधीच नाही. पट्टा ओवलाय तिथं धरून सीट हलवा. इंचभराहून जास्त हलली तर पुन्हा आवळा. बाळाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत येता कामा नये. सीट फार उभी बसली तर मान पुढं पडून श्वास अडतो, म्हणून सीट किती कललेली हवी ते दाखवणारी तिच्यावरची खूण बघा. दर दीड-दोन तासांनी उतरवून घ्या. घरी पोचल्यावर झोपलेली असली तरी सीटमध्ये ठेवू नका.

---

आभार! आजोबा म्हणतात देवळाला स्कूटरनं जाऊ, जवळच आहे.

---

नाही म्हणजे नाही. ४ महिन्यांत मान धक्के सोसण्याइतकी पक्की नसते आणि ब्रेक लागला की मांडीवरचं बाळ हातात राहत नाही. दुचाकीवर ४ वर्षांखालच्या मुलांना हार्नेस (मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा) आणि ताशी ४० ची मर्यादा, असा केंद्राचा नियम २०२३ पासून आहे. पण हार्नेस या वयासाठी नव्हे. पायी जा, सकाळी ९ च्या आत.

आणि संध्याकाळी मच्छरदाणी. लिंबू-निलगिरीचं तेल ३ वर्षांखाली लावत नाहीत. एक सुती दुपटं पिशवीत असू दे. वळीव कोसळला की तासाभरात हवा गार होते.