मदत हवी आहे: लाइव्ह एलपीची खरखर काढायचीय, पण गर्दीचा कल्ला ठेवून

'द किंग्जमेन' या अमेरिकन रॉक बँडच्या 'द किंग्जमेन इन पर्सन' अल्बमची मोनो (एकाच चॅनलची) एलपी रेकॉर्ड डिजिटल करतोय. ओरेगनमधल्या 'द चेस' क्लबातलं हे लाइव्ह रेकॉर्डिंग, गॅरेज रॉकच्या अगदी सुरुवातीचं. यातलं 'लुई लुई' हे गाणं मात्र एप्रिल 1963 मध्ये पोर्टलंडच्या स्टुडिओत झालं, गर्दीचा आवाज त्यावर नंतर चढवलाय. चढवलेला असला तरी तोही मला हवाच! गिटार सोलोनंतर गायक जॅक एली घाईत गायला लागतो, चपापून थांबतो आणि ड्रमर ते सावरून घेतो. साठ वर्षांनंतरही मजा येते ती असल्या कच्चेपणामुळेच.

रेकॉर्ड डिस्टिल्ड वॉटरने धुतली, स्टायलस (सुई) नवा बसवला. ऑडॅसिटी या मोफत ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही चॅनल एकत्र करून मोनो केल्यावर खरखर बरीच कमी झाली. पुढे गाणं सुरू होण्याआधीच्या रिकाम्या खाचेचा नमुना घेऊन नॉइज रिडक्शन लावलं, तर टाळ्या-शिट्ट्या पाण्याखालून आल्यासारख्या येतात. 6 डीबीवर आणलं तरी तेच. क्लिक रिमूव्हल लावलं की स्नेअर ड्रमचा फटकाच बोथट होतो.

स्ट्रीमिंगवर ऐक असं कृपया सुचवू नका, मला याच प्रतीचा आवाज जपायचाय. पैसे देऊन सॉफ्टवेअर घ्यायचं नाहीये, कार्ट्रिजवर (सुई जिला जोडलेली असते तो भाग) थोडा खर्च चालेल. सध्याचं स्टिरिओ, मूव्हिंग मॅग्नेट प्रकारचं आहे.

चॅनल आधीच एकत्र केलेले असताना खऱ्या मोनो कार्ट्रिजने आणखी फरक पडेल का? की ठळक क्लिक हाताने काढून नॉइज रिडक्शन पूर्ण टाळू?