प्रतिसाद: उसाच्या दोन ट्रॉल्यांना ४५ एचपी पुरेल का?

उसाच्या दोन ट्रॉल्या ओढायला ४५ एचपीचा ट्रॅक्टर पुरेल का, या प्रश्नावर वर सगळे एचपीवरच (इंजिनाच्या ताकदीवरच) भांडताहेत. डांबरी सपाट रस्त्यावर ४५ एचपी दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढेलही, पण खरी परीक्षा फडातून (उसाच्या शेतातून) बाहेर निघताना. आपली काळी जमीन, त्यात उसाचं पाणी नुकतंच बंद केलेलं असलं की चाक जागेवरच फिरतं. तिथं एचपी नाही, ट्रॅक्टरचं वजन, मागच्या टायरची रुंदी आणि कमी आरपीएमला (इंजिन हळू फिरताना) मिळणारा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, कामाला येतो. म्हणून मी तरी ५० च्या वरचा, अंगानं जड ट्रॅक्टर बघेन. ट्रॉली जोडायचा हूक मुद्दाम उंच करून घेऊ नका, चढाला पुढची चाकं उचलतात.

आणि ब्रेकचं कुणीच का विचारत नाही? ओढणं सोपं, थांबवणं अवघड! तेलातले ब्रेकच (ऑइल ब्रेक) घ्या, रस्त्यावर डाव्या-उजव्या ब्रेकची दोन्ही पेडल जोडूनच चालवा, उतारावर न्यूट्रल तर अजिबात नको. (डिझेल वाचतं म्हणे!) मागची ट्रॉली ढकलायला लागली की ट्रॅक्टर आडवा होतो. सोलापूर जिल्ह्यात अकलूज, टेंभुर्णीकडं हंगामात रात्री उसाची वाहतूक असते, तेव्हा मागच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर हवेतच.

जुना घेणार असाल तर आधी क्लच उघडून बघा, ऊस वाहिलेल्या ट्रॅक्टरचा तोच पहिला जातो.