आरई१०२ चाचणीत संच मर्यादेबाहेर जातो : मूळ कुठे शोधावे?

प्रश्न : २८ व्होल्ट डीसीवर चालणाऱ्या आमच्या नियंत्रण संचाने नागरी मानकाची उत्सर्जन चाचणी ३ मीटर अंतरावरून पार केली होती, मात्र मिल-एसटीडी-४६१जी या अमेरिकी लष्करी मानकातील आरई१०२ (संच व केबलमधून हवेत पसरणारे विद्युतचुंबकीय उत्सर्जन मोजणाऱ्या) चाचणीत तोच संच ४० ते ९० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात मर्यादेबाहेर गेला. असे का व्हावे?

उत्तर १ : दोन्ही चाचण्यांची मांडणीच वेगळी आहे. आरई१०२ मध्ये अँटेना १ मीटरवर असतो आणि केबलची २ मीटर लांबी धातूच्या पृष्ठापासून ५ सेंटिमीटर उंचीवर, अँटेनासमोर उघडी ठेवावी लागते. त्यामुळे या पट्ट्यात पेटीपेक्षा केबलच अधिक उत्सर्जन करते, असा माझा अनुभव आहे. एकेक केबल काढून पाहा आणि उरलेल्यांवर करंट प्रोब (केबलभोवती बसवायचे प्रवाह मोजण्याचे कडे) लावून प्रवाह मोजा.

उत्तर २ : आमच्या संचात केबलचे शील्ड (तारांभोवतीचे धातूचे आवरण) ६ सेंटिमीटरच्या पिळलेल्या तारेने पेटीला जोडले होते. एवढीशी तारसुद्धा या वारंवारितेला मोठा अडथळा ठरते. कनेक्टरखालचा रंग खरवडून शील्ड सभोवार, ३६० अंशांत दाबून बसवले आणि संच मर्यादेत आला. हीच जोडणी सीएस११४ मध्येही (संच बाहेरचा व्यत्यय सहन करतो का, हे पाहणाऱ्या त्याच मानकातील चाचणीत) उपयोगी पडते, कारण त्यात १० किलोहर्ट्झ ते २०० मेगाहर्ट्झचा प्रवाह केबलवरूनच आत सोडला जातो.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. आमच्या कनेक्टरखालीही रंगाचा थर आहे. उद्या सर्वप्रथम तोच काढतो.