स्वतःचा कपड्यांचा ब्रँड: सुरुवातीचे भांडवल नेमके कुठे अडकले?

ठाणे आणि नवी मुंबईत स्वतःच्या नावाने कपडे बनवून विकणारे अनेक जण आहेत. डिझाइन आणि जाहिरातीविषयी पुष्कळ बोलले जाते. मात्र तागा विकत घेतल्यापासून कपडा गिऱ्हाइकाच्या अंगावर चढेपर्यंत पैसा कुठे अडकतो, हे मोकळेपणाने फारसे कुणी सांगत नाही. आपला सुरुवातीचा अनुभव सविस्तर लिहावा, ही विनंती.

पाचपाखाडी, ठाणे
आम्ही दोघी बहिणी सुती कुर्ते बनवतो. मुंबईच्या मंगळदास मार्केट या कापडबाजारात किरकोळीने घेतले तर मीटरमागे भाव चढा पडतो आणि घाऊक भावाने घ्यायचे तर अख्खे तागे उचलावे लागतात, त्यामुळे पहिला कुर्ता शिवून होण्याआधीच बरेचसे भांडवल कापडात जाते. पन्ह्याचा, म्हणजे कापडाच्या रुंदीचा, हिशेब त्यातून वेगळा: ३६ इंची पन्ह्यात ४४ इंचीपेक्षा कापड जास्त लागते, म्हणून मीटरचा भाव कमी दिसला तरी कुर्त्यामागचा खर्च वाढू शकतो. पण आमची खरी रक्कम अडकली ती मापांत. एक डिझाइन, दोन रंग आणि एस ते डबल एक्सएल अशी पाच मापे धरली की दहा प्रकार झाले. प्रत्येकाचे पाचच नग ठेवायचे म्हटले तरी ५० कुर्ते. त्यांतले एम आणि एल भराभर संपतात, टोकाची मापे पडून राहतात आणि विचारणा मात्र संपलेल्या मापांचीच होत राहते. आता आम्ही मधली मापे तयार ठेवतो आणि टोकाची मागणी आल्यावर शिवून देतो. त्यासाठी थोडे कापड न कापता राखून ठेवावे लागते, कारण तोच रंग पुढच्या लॉटमध्ये तंतोतंत मिळेल, याची हमी व्यापारी देत नाहीत.

ऐरोली
आमचे काम टी-शर्टचे असून १८० जीएसएमचे (चौरस मीटरला १८० ग्रॅम वजनाचे) होजियरी कापड तिरुपूरहून येते. एका प्रोसेसिंग युनिटकडून (कापड रंगवून तयार करणाऱ्या कारखान्याकडून) आलेल्या कापडाचे टी-शर्ट पहिल्याच धुण्यात इतके आटले की सगळा माल परत घ्यावा लागला. तेव्हापासून प्रत्येक लॉटच्या तुकड्यावर ५० सेंटिमीटरचा चौकोन पक्क्या शाईने आखतो, तो धुऊन वाळवतो आणि पुन्हा मोजतो. उभी बाजू ४७.५ भरली तर आटण्याचे प्रमाण ५ टक्के. तेवढी लांबी कटिंग मास्टरला आधीच धरायला सांगतो.

वागळे इस्टेट, ठाणे
शिलाई जॉब वर्कवर, म्हणजे मजुरी देऊन बाहेर, करून घेणाऱ्यांनी एक गोष्ट समजून घ्यावी. कारागिराला नगावर मजुरी मिळते आणि डिझाइन बदलले की हात बसेपर्यंत त्याची कमाई बुडते, म्हणून ३० नगांचे आपले काम मागे पडते आणि मोठ्या ऑर्डरचे पुढे जाते. यात त्याला दोष देणे मला योग्य वाटत नाही. आम्ही लहान लॉटला नगामागे जास्त मजुरी देऊ लागलो आणि काम वेळेवर मिळू लागले. ईद आणि छठच्या सुमारास बरेच कारागीर गावी जातात, हेही मालाचे वेळापत्रक आखताना धरावे लागते.

कोपरखैरणे
कॅश ऑन डिलिव्हरीचे पार्सल गिऱ्हाइकाने घेतलेच नाही तर जाण्या-येण्याचे दोन्ही भाडे आपल्याला पडते आणि माल तेवढा काळ विक्रीबाहेर राहतो. आगाऊ पैसे देणाऱ्यांना थोडी सवलत दिल्यावर हे प्रमाण आमच्याकडे घटले.

नेरूळ
किंमत ठरवताना जीएसटी आधी पाहावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के आणि त्यावरील कपड्यावर १८ टक्के कर आहे. म्हणजे २,५०० रुपयांचे जॅकेट करासह २,६२५ रुपयांना पडते, तर २,६०० रुपयांचे ३,०६८ रुपयांना. आपल्या हाती १०० रुपये जास्त येतात, पण गिऱ्हाइकाला ४४३ रुपये जास्त मोजावे लागतात. त्यामुळे आम्ही जॅकेटची किंमत आधी ठरवतो आणि अस्तर कोणते लावायचे ते त्यानंतर.