‘स्क्रूबॉल’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

आमच्या गावातलं चित्रपट मंडळ पुढच्या महिन्यात १९३०च्या दशकातले चार अमेरिकी विनोदी चित्रपट दाखवणार आहे. माहितीपत्रक मराठीत काढायचं ठरलंय आणि ते काम माझ्याकडे आलंय. ‘स्क्रूबॉल कॉमेडी’पाशी गाडी अडली आहे. ‘विक्षिप्त विनोदी चित्रपट’ असं वाचून कोणाला यावंसं वाटेल? आणि नुसतं ‘धमाल विनोदी’ म्हटलं तर त्यात काहीही बसतं. चपखल शब्द सुचवाल का?

प्रतिसाद

‘चक्रम’ काय वाईट आहे? नायिका चक्रम, तिच्या घरचे चक्रम, कुत्रंसुद्धा चक्रम. ‘चक्रमपट’ लिहा आणि मोकळ्या व्हा.

प्रतिसाद

‘चक्रम’मध्ये अर्धाच अर्थ येतो. बाकीचा अर्धा चेंडूत आहे.

बेसबॉलमध्ये नेहमीचा कर्व्हबॉल ज्या बाजूला वळतो, त्याच्या उलट बाजूला वळणारा चेंडू म्हणजे स्क्रूबॉल. न्यूयॉर्क जायंट्सचा डावखुरा कार्ल हबेल या चेंडूसाठी प्रसिद्ध होता. जुलै १९३४च्या ऑल-स्टार सामन्यात त्याने बेब रूथ, लू गेरिग, जिमी फॉक्स, अल सिमन्स आणि जो क्रोनिन अशा पाच दिग्गजांना ओळीने बाद केलं. या प्रकारातला सुरुवातीचा चित्रपट, फ्रँक काप्राचा ‘इट हॅपन्ड वन नाइट’, त्याच वर्षी फेब्रुवारीत लागला होता. तऱ्हेवाईक माणसाला ‘स्क्रूबॉल’ म्हणायची अमेरिकी बोलीही त्याच दशकात रुळली आणि तिथून ते नाव या चित्रपटांना चिकटलं. म्हणजे नुसता वेडेपणा नाही. चेंडू इकडे वळेल असं वाटत असताना तो तिकडे वळतो, ती गंमत शब्दात यायला हवी.

कोणी ‘गुगली’ म्हणेल. पण आपण ‘गुगली टाकली’ म्हणतो तेव्हा एका वाक्यात समोरचा गारद झालेला असतो, खेळ तिथेच संपतो. इथे खेळ दीड तास चालतो.

माझं मत ‘फिरकी’ला. आजीकडे प्रवासात न्यायचा फिरकीचा तांब्या होता. त्याचं झाकण आट्यांवर फिरवून घट्ट बसायचं, एस्टीत कितीही हिंदकळला तरी थेंब सांडायचा नाही. कानातल्याच्या मागे असते तीही फिरकी, म्हणजे चक्क स्क्रू. गोलंदाजाची असते ती फिरकी, म्हणजे चेंडू. आणि एखाद्याची ‘घेतात’ तीही फिरकीच. स्क्रू, बॉल आणि कॉमेडी हे तिन्ही एका मराठी शब्दात आधीच येऊन बसलेत. याहून नेमका शब्द मला तरी सापडलेला नाही.

‘फिरकी घेणे’ हा वाक्प्रचारही नीट पाहा. फिरकी आपण परक्याची घेत नाही, ज्याच्याशी सलगी आहे किंवा करायची आहे त्याची घेतो. टोमणा मारतात, टिंगल उडवतात, पण फिरकी घेतात. त्यात घेणाऱ्याला समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत राहावं लागतं आणि समोरच्याला उलटवायची संधी असते. हे चित्रपट नव्वद वर्षांनंतरही ताजे वाटतात ते यामुळे, असं मला अगदी मनापासून वाटतं. दोघं तोडीस तोड असतात आणि एकमेकांची फिरकी घेता घेताच प्रेमात पडतात.

‘इट हॅपन्ड वन नाइट’मधलं उदाहरण घ्या. घरातून पळालेली श्रीमंत मुलगी आणि नोकरी गेलेला पत्रकार रस्त्याकडेला उभे आहेत. गाडी थांबवायला अंगठा कसा दाखवायचा याच्या तीन पद्धती क्लार्क गेबल तिला रीतसर शिकवतो. गाड्या एकामागून एक निघून जातात, त्याचा अंगठा हवेतच. मग क्लॉडेट कोलबेअर पुढे होते, घागरा गुडघ्याच्या वर उचलते आणि पहिलीच गाडी करकचून ब्रेक लावते. त्याआधी त्यानेही तिची घेतलेली असतेच. रात्री एकाच खोलीत राहायची वेळ येते तेव्हा तो मधोमध दोरीवर घोंगडी टाकतो, तिला ‘जेरिकोची भिंत’ म्हणतो आणि पुरुष कपडे कोणत्या क्रमाने उतरवतो यावर शांतपणे व्याख्यान सुरू करतो. ती मुकाट पलीकडे जाते. सगळा प्रणय त्या घोंगडीत आहे.

१९३४च्या मध्यापासून हॉलिवुडची आचारसंहिता कडक झाली आणि पडद्यावर शरीराची जवळीक दाखवायला जागा उरली नाही. मग जवळीक बोलण्यात शिरली. भांडण हेच प्रियाराधन झालं. बोलपट येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती, संवाद लिहायला वृत्तपत्रांतली आणि नाटकांतली माणसं आली होती, त्यामुळे बोलण्याला धारही होती. ‘हिज गर्ल फ्रायडे’ (१९४०) ज्या नाटकावरून केला, त्यात संपादक आणि बातमीदार दोघेही पुरुष. हॉवर्ड हॉक्सने बातमीदाराची बाई केली, तीही संपादकाची घटस्फोटित बायको, आणि दोघांना एकमेकांच्या वाक्यावर वाक्य चढवत बोलायला लावलं. घटस्फोट झालेल्या नवऱ्याला तिची वाक्यं कुठे तोडायची हे नेमकं ठाऊक असतं. अशी ओळख दुसऱ्या कुठल्या मार्गाने दाखवता आली असती?

प्रतिसाद

हे सगळं ‘फार्स’मध्ये येत नाही का? तो शब्द तर मराठीत पक्का रुळलाय.

प्रतिसाद

नाही येत. फार्स प्रसंगावर चालतो: दारं, कपाटं, लपलेली माणसं, चुकीचा माणूस चुकीच्या खोलीत. पात्रं बदलली तरी यंत्र चालू राहतं. ‘ब्रिंगिंग अप बेबी’ (१९३८)मध्ये बिबट्या आहे, हरवलेलं डायनॉसोरचं हाड आहे, फाटलेला कोट आहे, पण कॅथरीन हेपबर्न काढून टाका, काहीच उरत नाही. केरी ग्रँटचा शिस्तीत आखलेला जन्म तिच्या एकटीच्या बोलण्याने उधळला जातो. तेव्हा तो चित्रपट चालला नाही, आज लोक तो शोधून शोधून बघतात.

प्रतिसाद

याच १९३८ साली कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सचा ‘ब्रह्मचारी’ आला होता, हे इथे नोंदवावंसं वाटतं. कथा-संवाद अत्र्यांचे, दिग्दर्शन मास्टर विनायकांचं. ब्रह्मचर्याची शपथ घेतलेला औदुंबर आणि त्याची शपथ मोडायला निघालेली, पोहण्याच्या पोशाखात ‘यमुनाजळी’ गाणारी किशोरी (मीनाक्षी शिरोडकर). आपल्याकडेही त्याच सुमारास बाई पुरुषाची फिरकी घेत होती. अत्र्यांचा रोख उपहासाकडे जास्त आहे, म्हणून दोन्ही एकच प्रकार म्हणणार नाही. पण ‘फिरकी’ हा शब्द त्यालाही बसतो. आणि काप्राचा चित्रपट तर आपण ‘चोरी चोरी’ (१९५६) आणि ‘दिल है के मानता नहीं’ (१९९१) मधून दोनदा पाहिलाय.

प्रतिसाद

‘फिरकीपट’ वाचून क्रिकेटवरचा चित्रपट वाटेल, एवढीच शंका.

प्रतिसाद

पहिल्यांदा येईल तिथे खुलासा करावा लागेल, तो कुठल्या नव्या शब्दाला चुकलाय? हॉक्सच्याच ‘बॉल ऑफ फायर’मधला (१९४१) भाषेचा प्राध्यापक आठवतो. ज्ञानकोशासाठी रस्त्यावरच्या बोलीवर त्याने नोंद लिहिलेली असते. कचरा न्यायला आलेला माणूस बोलू लागतो तेव्हा त्याला कळतं की आपले शब्द केव्हाच शिळे झालेत. तो वही घेऊन बाहेर पडतो आणि शब्द शोधता शोधता बार्बरा स्टॅनविकपाशी येऊन थांबतो.

मूळ प्रश्नकर्ती

हा चित्रपटही यादीत घेते, पाच झाले. पत्रकात असं लिहितेय: ‘फिरकीपट, म्हणजे स्क्रूबॉल कॉमेडी. ती त्याची फिरकी घेते, तो तिची घेतो, आणि दोघांच्या लक्षात यायच्या आत लग्न ठरतं.’ ‘लग्न ठरतं’ की ‘लग्न जुळतं’, तेवढं कोणीतरी सांगा. उद्या छापायला द्यायचंय.

प्रतिसाद

‘जुळतं’. ठरवतात ते घरचे.