माउझर ९८ रायफलीला नवा दस्ता: बेडिंग (अ‍ॅक्शनखाली रेझिनची पक्की बैठक) कुठे, किती आणि कशाने?

डिचोली_नेमबाज:
.३०-०६ काडतुसाची रायफल, माउझर ९८ अ‍ॅक्शन (रिसीव्हर-बोल्टचा धातूचा भाग), स्पोर्टर म्हणजे शिकारी धाटणीची नळी. जुना दस्ता टँगच्या (अ‍ॅक्शनच्या मागच्या शेपटीच्या) मागे तडकला म्हणून अक्रोडाचा तयार दस्ता घेतलाय. पुढचा स्क्रू आवळून मग मागचा आवळला की नळीचं टोक फोर-एंडपासून (दस्त्याच्या पुढच्या भागापासून) वर उचललं जातं. पिलर (स्क्रूभोवतीची धातूची नळकांडी) घालावेत का? आणि गोव्यात मिळणारं कुठलं रेझिन चालेल?

रंधा_आणि_कानस:
आधी जुना का तडकला ते बघा, नाहीतर नवाही तिथेच जाईल. माउझरमध्ये गोळी सुटतानाचा धक्का घ्यायचं काम पुढच्या लगचं, म्हणजे अ‍ॅक्शनखालच्या आडव्या ठोकळ्याचं. लगच्या मागचं लाकूड दबलं की अख्खी अ‍ॅक्शन मागे सरकते आणि टँग पाचरीसारखी दस्त्याच्या मुठीत घुसते. म्हणून टँगच्या मागे अर्धा ते एक मिमी फट हवीच. शिवाय मूळ रायफलीत मागच्या स्क्रूभोवती पोलादी नळकांडं असतं. तयार दस्त्यात ते बऱ्याचदा नसतं. मग आवळाल तितकं लाकूड चेपत जातं.

नळी उचलते याचा अर्थ टँगची बैठक खोल आहे किंवा मधे कुठेतरी उंचवटा आहे. डायल गेज लावून बघा: स्क्रू ढिला करताना काटा ०.०५ मिमीपेक्षा जास्त हलला तर अ‍ॅक्शन वाकतेय. पिलर घालाच. अ‍ॅल्युमिनियमचे, आतलं भोक ७ ते ७.५ मिमी, म्हणजे स्क्रू कडेला टेकणार नाही.

लगच्या मागे आणि टँगखाली पटाशीने २-३ मिमी लाकूड काढा, पण वरची कड तशीच ठेवा, नाहीतर रेझिन बाहेरून दिसेल. लगच्या पुढच्या, खालच्या आणि बाजूच्या अंगांना इन्सुलेशन टेपचा एकेक थर द्या. मागचं अंग उघडं, तेच पूर्ण टेकलं पाहिजे. चारी बाजू घट्ट बसवल्या तर पुढच्या वेळी अ‍ॅक्शन काढताना कडा तुटतात.

रेझिन भरल्यावर स्क्रू आवळू नका. इथेच बहुतेकांचं काम बिघडतं: आवळलेल्या स्थितीत रेझिन सुकलं की वाक कायमचा त्यात उतरतो. डोकं कापलेले दोन स्क्रू फक्त दिशा दाखवायला लावा, फोर-एंडजवळ नळीला टेपचे वेढे देऊन ती मधोमध टेकवा आणि रिसीव्हरवर सायकलच्या ट्यूबची पट्टी हलकी गुंडाळा.

मांडवी_काठ:
रेझिनबद्दल एकच: होड्यांना फायबर लावताना वापरतात ते पॉलिएस्टर घेऊ नका. स्वस्त आहे, सहज मिळतं, पण सुकताना आकसतं आणि बेडिंगला तेच नको असतं. इपॉक्सी घ्या, स्टील पावडर मिसळलेलं असेल तर उत्तम. पाच मिनिटांत सुकणारं नको, अ‍ॅक्शन बसवायलाही वेळ पुरत नाही. प्रमाण काट्यावर वजनाने मोजा. डेव्हकॉन कंपनीच्या स्टील पुटीचं प्रमाण वजनाने ९:१ आणि आकारमानाने २.५:१ आहे, दोन्हींत गल्लत झाली की ते कधीच नीट कडक होत नाही. आपल्याकडच्या ३२-३३ अंशांत मिश्रण लवकर पकडतं, तेव्हा सकाळी लवकर काम उरका.

काम जानेवारी-फेब्रुवारीत करा. जुलैत फुगलेल्या लाकडात बसवलेली अ‍ॅक्शन डिसेंबरात सैल होते. लाकडाला तेल किंवा पॉलियुरेथेन बेडिंगनंतर, कारण तेलकट लाकडाला इपॉक्सी धरत नाही. मात्र नळीची खाच आणि बटपॅडखालचा (खांद्याला टेकणाऱ्या पॅडखालचा) आडवा छेद विसरू नका, दमट हवा तिथूनच आत शिरते. खाचेत दोन्ही बाजूंना दीड मिमी मोकळं ठेवा. नळी आणि लाकूड यांच्यातून चलनी नोट सरकली की झालं, हा हिशेब इथल्या पावसाळ्यात पुरत नाही.

डिचोली_नेमबाज:
देव बरें करूं. आणि अ‍ॅक्शन आतच चिकटून बसली तर?

रंधा_आणि_कानस:
चिकटू नये म्हणून धातूला मेणाच्या पॉलिशचे दोन हात, स्क्रूच्या आट्यांनाही. मॅगझिनची पोकळी, ट्रिगरची जागा आणि रिसीव्हरच्या डाव्या भिंतीतली अंगठ्याची खाच मुलांच्या चिकणमातीने बुजवा. मेण कितीही लावा, रेझिन खाचेत शिरून सुकलं तर तिथे ते खुंटीसारखं अडकतं. तरीही अडकलीच तर दोन-तीन तास डीप फ्रीझरमध्ये ठेवा, मग नळीवर खालून रबरी हातोडीने हलके ठोके द्या.

मांडवी_काठ:
जोडणी झाल्यावर, काडतूस नसल्याची खात्री करून: बोल्टचा दांडा पूर्ण खाली जातो की आधीच लाकडाला अडतो? अडला तर पटाशी हळूच चालवा. सेफ्टी लावून ट्रिगर ओढा, सोडा, सेफ्टी काढा. फायरिंग पिन सुटली तर दस्ता ट्रिगरला किंवा सेफ्टीला घासतोय, तशी रायफल रेंजवर नेऊ नका. मॅगझिनच्या पेटीची वरची कड आणि रिसीव्हर यांत पाव-अर्धा मिमी फट असू द्या, नाहीतर स्क्रू पिलरवर न बसता पेटीवर आवळले जातील आणि सगळं बेडिंग फुकट. टॉर्क पुढे-मागे ४ ते ४.५ न्यूटन-मीटर, आधी पुढचा.

आणि सुताराकडे फक्त दस्ता न्या, रायफल नाही. आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ च्या कलम ५ नुसार दुरुस्तीला वेगळा परवाना लागतो, तेव्हा नळी-बोल्टचं काम परवानाधारकाकडेच, तेही आपलं लायसन्स सोबत घेऊन.